हवा सुटायला जागा

धुळ्याच्या देवपुरात दोन भाऊ राहत. थोरला दहावीत, धाकटा सातवीत. वडील एसटीत कंडक्टर, आई घरी ब्लाउज शिवून द्यायची. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हवेच्या दाबावर कागदी रॉकेट उडवायचं दोघांनी मिळून ठरवलं. थोरल्याला खरं तर घरातून बंदी होती. दहावीचं वर्ष, तेव्हा प्रदर्शन-बिदर्शन काही नाही. वडिलांचं रोजचं एकच पालुपद, ‘अजून जोर लाव.’ चाचणीत ८२ टक्के पडले तरी जोर लाव, ८६ पडले तरी जोर लाव. म्हणून नाव धाकट्याचं आणि डोकं थोरल्याचं, असा गुपचूप ठराव झाला.

रॉकेट सोपं होतं. वर्तमानपत्राचा कागद अर्ध्या इंची पाइपावर गुंडाळायचा, डिंकानं चिकटवायचा, टोक बंद करायचं आणि जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे पंख लावायचे. एका जाड पाइपात सायकलच्या पंपानं हवा भरायची. मध्ये व्हॉल्व्ह. तो उघडला की साठलेली हवा रॉकेटच्या पोटात शिरते आणि रॉकेट उडतं. वहीतल्या आकृतीत सगळं चोख होतं.

व्हॉल्व्ह म्हणून त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून बॉल व्हॉल्व्ह आणला. गच्चीवरच्या टाकीला असतो तोच, लाल दांड्याचा. हवा भरली, दांडा फिरवला. रॉकेट पाइपावरून सुस्तपणे उठलं, कठड्याच्या जरासं वर गेलं आणि शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन पडलं. काकू काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

इथे थोडं थांबून पाहिलं पाहिजे, कारण पुढचा सगळा घोटाळा या जागी सुरू होतो. पंधरा ग्रॅमचं कागदी रॉकेट आणि दोन किलोचा (म्हणजे चौरस सेंटीमीटरला दोन किलो) दाब असेल, तर हाताएवढ्या लांब पाइपावरून ते निसटायला सेकंदाचे एक-दोन शतांश पुरतात. पापणी लवायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. उलट बॉल व्हॉल्व्हचा दांडा कितीही चपळाईनं फिरवला तरी पाव सेकंद जातोच. म्हणजे दांडा जेमतेम हलला, फटीतून थोडी हवा गळली, तेवढ्या गळतीवरच रॉकेट निघून गेलं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तेव्हा पुढे कुणीच नव्हतं. भरलेली हवा रिकाम्या पाइपातून फुस्स झाली.

थोरल्यानं मात्र वेगळा निष्कर्ष काढला. दाब कमी पडला. ज्याला रोज ‘अजून जोर लाव’ ऐकायला मिळतं, त्याला दुसरं काय सुचणार?

गच्चीच्या कोपऱ्यात बोअरच्या कामातून उरलेला चार इंची पीव्हीसी पाइपाचा मीटरभर तुकडा वर्षानुवर्षं उन्हात पडून होता. त्याचा राखाडी रंग उडून पांढुरका झाला होता. थोरल्यानं दोन्ही टोकांना एंड कॅप बसवल्या, सोल्युशन लावलं, एका टोपणाला भोक पाडून मोटारसायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह चिकटवला. सायकलच्या पंपानं एवढा पाइप भरता भरता दम लागला असता, म्हणून दोघं तो सायकलच्या कॅरिअरला बांधून महामार्गावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले. तिथे मोठा कॉम्प्रेसर होता.

पंक्चरवाले आबा शिरपूरकडचे, अहिराणी बोलणारे. त्यांनी पाइप हातात घेतला, उलटा केला, टोपणावर नख वाजवून पाहिलं.

“हाई काय शे रे पोऱ्या?”

थोरल्यानं सांगितलं.

“हाऊ पाणीना पाइप शे, हवाना नही. हवा मी टायरमा भरसू, यामा नही.” मग पाइप गोल फिरवत त्यांनी विचारलं, “आनि हवा निंघानी वाट कोठे शे?”

थोरला म्हणाला, व्हॉल्व्ह उघडला की निघेल. आबा हसले आणि त्याला कॉम्प्रेसरच्या टाकीजवळ घेऊन गेले. लोखंडी टाकीच्या डोक्यावर अंगठ्याएवढा पितळी व्हॉल्व्ह होता, वर कडी. कडी ओढली तशी हवा कान फाडत सुटली. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी ही कडी ओढायची, मग मोटार चालू करायची, हा आबांचा नेम. दाब ठरल्या आकड्याच्या पुढे गेला तर तो व्हॉल्व्ह कुणाला न विचारता आपला आपण उघडतो. बाकी टाकी जाड पत्र्याची आहे म्हणून नव्हे, तर हा एवढासा व्हॉल्व्ह आहे म्हणून आबा तिच्या शेजारी खाट टाकून झोपू शकत होते.

या व्हॉल्व्हचा इतिहास जुना आहे. डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे बंद भांड्यात वाफेच्या दाबाखाली हाडंसुद्धा मऊ शिजतात हे दाखवलं. दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून वजनानं दाबून धरलेला सेफ्टी व्हॉल्व्ह वापरायची युक्तीही त्याचीच. आपल्या कुकरची शिट्टी ही त्याच कल्पनेची पणती. आबांना पापँ ठाऊक नव्हता, पण शहाणपण तेच होतं.

थोरला चिडून परत आला. दुसऱ्या एखाद्या पंक्चरवाल्याकडे जायचा त्याचा बेत होताच. तो बेत बारगळला तो मामामुळे.

मामा जळगावचा, पिंप्राळ्यात राहणारा, ठिबकची कामं घेणारा फिटर. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी जळगावात पाइपाचा आणि पुढे ठिबकचा कारखाना उभा केल्यापासून त्या शहरात दर चार घरांआड कुणीतरी पाइपाशी संबंधित असतं, असं म्हटलं तरी चालेल. यावल-रावेरच्या केळीच्या बागांत मामानं ठिबकच्या किती नळ्या अंथरल्या असतील त्याचा त्यालाही पत्ता नसेल. शिंदखेड्याकडे एक काम आटपून तो शनिवारी बहिणीकडे मुक्कामाला आला आणि गच्चीवर हातपाय धुवायला गेला, तर समोर हे तोफेसारखं प्रकरण.

“भाचेबुवा, हे काय मांडलंय?”

धाकट्यानं सगळं सांगून टाकलं. मामानं पाइप पाहिला. पुसट झालेली छापील ओळ त्यानं बोट फिरवत वाचली. आयएसआयची खूण, ४९८५ हा आकडा, ११० मिमी, ६ केजी.

“सहा केजीचा पाइप आहे,” थोरला घाईनं म्हणाला. “आम्ही चारच किलो भरणार होतो.”

“हा सहाचा आकडा पाण्याचा, आणि तोही नव्या पाइपाचा, सत्तावीस अंशाला. आपल्याकडे मे महिन्यात किती असतं? आणि हा तर कधीपासून उन्हात भाजतोय.”

“पण मामा, रानडुकरं हाकलायला सगळे पीव्हीसीचीच बंदूक करतात. कार्बाइड टाकून.”

मामाचा आवाज एकदम बदलला. “२०२५ च्या दिवाळीत ती बंदूक मध्य प्रदेशात पोरांनी खेळणं म्हणून घेतली. भोपाळच्या दवाखान्यांत डोळे भाजलेल्या पोरांची रांग लागली होती. कितीकांची नजर गेली. आग्रा रोडनं वर गेलास की तेच राज्य लागतं, लांब नाही.”

मग त्यानं वाद घालणं सोडलं आणि मोटारसायकलच्या डिकीतून टेस्टिंगचा हातपंप काढला. लाइन टाकल्यावर ती मातीत बुजवायच्या आधी पाण्यानं दाब देऊन तपासायची, हा त्याचा रोजचा धंदा. पाइप पाण्यानं काठोकाठ भरला. आत हवेचा बुडबुडाही राहू नये म्हणून मामानं तो तिरपा धरून दोनदा झटकला, आणि मग पंपाची नळी जोडली. दोघा भाच्यांना जिन्याच्या दारापाशी उभं केलं. हळूहळू दांडा दाबू लागला. गेजचा काटा एकवर, दीडवर, दोनवर. तीनच्या थोडा पुढे गेला आणि ‘टक्’ असा आवाज झाला, वाळकी शेंग फुटल्यासारखा. पाइपाला टोकापासून मध्यापर्यंत उभी चीर गेली. चिरेतून ओंजळभर पाणी उडालं, काटा शून्यावर पडला, बाकीचं पाणी गच्चीवरून वाहत मोरीकडे गेलं. संपलं.

“एवढंच?” धाकटा म्हणाला.

“एवढंच. कारण आत पाणी होतं. पाणी दबत नाही. वाट मिळाली की दाब तिथेच मरतो. हवा दबून बसते, आणि वाट मिळाली की सगळी एकदम उठते.”

मामाच्या बोलण्याचा हिशेब मांडून पाहता येतो. चार इंची, मीटरभर लांब पाइपात आठेक लिटर हवा मावते. ती चार किलो दाबाला असेल तर तिच्यात साठलेली ऊर्जा सुमारे ३,८०० ज्यूल होते. ४५ किलोची युरियाची गोण तीन मजली घराच्या गच्चीवरून खाली आदळली तर जेवढा धक्का बसेल, तेवढा. तेवढ्याच पाण्यात याचा शंभरावा हिस्साही नसतो. आणि पीव्हीसी फाटतं तेव्हा त्याच्या कपच्या होतात, सुरीच्या पात्यासारख्या. पीव्हीसी पाइपात दाबाची हवा कधीच भरायची नसते, त्याचं कारण हे आहे. थोरल्यानं चिरेवरून बोट फिरवलं आणि लगेच मागे घेतलं. कड धारदार होती.

त्या दिवशी त्याला आणखी कुणी काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

रविवारी सकाळी मामानं डिकीतून दुसरी एक वस्तू काढली. शेतात वेगवेगळ्या हिश्शांना पाळीपाळीनं पाणी सोडणारा ठिबकचा व्हॉल्व्ह, वर विजेची कॉइल असलेला. कॉइल जळाली म्हणून शेतकऱ्यानं बदलून टाकलेला. मामाच्या मते पोरांना व्हॉल्व्ह कळायचा असेल तर तो खोलून दाखवला पाहिजे.

सहा स्क्रू काढले. वरचं झाकण उचललं. आत एक बारीक स्प्रिंग, तिच्याखाली काळ्या रबराचा गोल पडदा, बशीएवढा. पडद्याच्या कडेला सुईच्या अग्राएवढं एक भोक. बस, इतकंच. धाकट्यानं पडदा बोटानं दाबून पाहिला, तो लगेच वर आला. स्प्रिंगही अगदी लुळी, खेळण्यातल्या पिस्तुलाची असते तशी.

“एवढ्याशा स्प्रिंगनं साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटारीचं पाणी अडतं?” त्यानं विचारलं.

“तूच सांग कसं अडतं.”

धाकटा बराच वेळ त्या भोकाकडे पाहत बसला. शाळेत सरांनी त्यांना अरविंद गुप्तांचे प्रयोग दाखवले होते. पूर्वी पुण्यात आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून टाकाऊ वस्तूंची खेळणी करणारे गुप्ता. त्यांच्या आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे सांगाडे सरांनी वर्गात करून घेतले होते. तेव्हापासून व्हॉल्व्ह ट्यूब धाकट्याच्या दप्तरात असायचीच. त्या सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये रबर कसं बसतं, हे त्यानं पाहिलं होतं. आतली हवा बाहेर यायला बघते तशी ती रबराला भोकावर आणखी दाबून धरते.

“पाणीच त्याला दाबून धरतं,” तो म्हणाला. “या भोकातून पाणी पडद्याच्या वर जातं. वर सगळ्या पडद्यावर दाब. खाली मधली जागा बाहेरच्या तोंडाची, तिथे दाबच नाही, फक्त कडेला आहे. म्हणून वरचा जिंकतो.”

“आणि उघडायचा कसा?”

“वरचं पाणी सोडून द्यायचं. वर दाब राहिला नाही की खालचाच दाब पडदा उचलेल.”

मामानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. कॉइलचं काम तेवढंच असतं, पडद्यावरचं चमचाभर पाणी सोडून द्यायचं. उरलेलं लाइनीतला दाब स्वतः करतो. व्हॉल्व्ह उघडायला दाबाशी झुंजावं लागत नाही. उलट दाब जितका जास्त, तितका पडदा झटकन उचलला जातो. हातानं फिरवायच्या दांड्यात ही सोय नाही.

थोरला इतका वेळ गप्प होता. आता तो पुढे सरकला. “पण शेतात हा व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो. मी पाहिलंय, तुमच्याबरोबर आलो होतो तेव्हा.”

प्रश्न खरा होता, आणि त्या दोन दिवसांतला सगळ्यात चांगला. पाण्याचा व्हॉल्व्ह मुद्दामच सावकाश चालेल असा केलेला असतो. पाणी एकदम सोडलं किंवा अडवलं की लाइन धक्का मारते, सांधे निखळतात. म्हणून वरचं पाणी बारीक वाटेनंच भरतात आणि सोडतात. हवेच्या रॉकेटला उलट हवं होतं. पडद्यावरची हवा एका झटक्यात निघून गेली पाहिजे, म्हणजे तिची वाट रुंद हवी, आणि कडेचं भरायचं भोक होतं तसंच सुईएवढं. थोरल्यानं कॉइलची जागा मोकळी केली आणि तिथे गॅरेजात धूळ उडवायला वापरतात ती हवेची गन बसवली. घोडा दाबला की पडद्यावरची हवा खाड्कन बाहेर. ही कल्पना त्याची एकट्याची होती. दाब वाढवायच्या नादात असताना त्याचं हे डोकं कुठे गेलं होतं, कोण जाणे.

राहिली टाकी. पीव्हीसी तर बाद. धाकट्यानं फ्रिजमधून आणली कोल्ड्रिंकची सव्वादोन लिटरची रिकामी बाटली. ती जन्मालाच आली गॅस धरायला. उन्हात तापलेल्या बंद बाटलीत चार किलोहून जास्त दाब असतो आणि तरी ती दुकानात उभी असते. दोन किलोला तिच्यात हवा भरली तर ऊर्जा त्या चार इंची पाइपाच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास, आणि फाटलीच तर ती उसवते, कपच्या उडत नाहीत. तरी मामानं तिच्यावर जुनं गोणपाट गुंडाळायला लावलं, गन ओढायची दोरी दहा फूट लांब ठेवली आणि आधी बाटलीसुद्धा पाण्यानं तपासली.

पण हवा भरण्याआधी तो अडून बसला. “आबांनी काय विचारलं होतं?”

दोघं पुन्हा महामार्गावर गेले. आबांनी खणातून जुन्या छोट्या कॉम्प्रेसरचा पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह काढला, गेज लावून त्याचा नट अडीच किलोला बसवून दिला. पैसे घेतले नाहीत. “आते भर,” एवढंच म्हणाले.

त्या रात्री जेवताना वडिलांना सगळं कळलंच. ताटात कळण्याची भाकरी आणि भरीत होतं, पण त्यांचं जेवणात लक्ष लागेना. दहावीच्या पोरानं दोन दिवस पाइपांशी खेळण्यात घालवले! मामा शांतपणे भरीत संपवत होता.

“दाजी, तुम्हाला एअर व्हॉल्व्ह माहीत आहे?”

“मला तुझ्या धंद्यातलं काय माहीत?”

“ठिबकची लाइन टाकली की उंच जागी तो बसवावा लागतो. मोटार चालू झाली की लाइनीतली हवा त्यातून निघते, बंद झाली की हवा आत येते. दोन-तीनशे रुपयांची वस्तू. काही शेतकरी तेवढ्यासाठी तो बसवत नाहीत. म्हणतात, मोटार मोठी घेतली ना, मग काय बिघडतं. मोटार मोठी असली की तीच लाइन आधी फुटते. मी सगळ्यांना एकच विचारतो, हवा सुटायला जागा कुठे ठेवलीत?”

“मग?”

“मग काही नाही. थोरल्याच्या बाबतीतही तेच विचारतोय.”

वडील भडकले. “तू ठिबक लाव. माझ्या पोराचं मी बघतो.” आई मध्ये पडली, विषय निघाला तसा बुडाला, आणि मामा पहाटेच मोटारसायकलनं जळगावला निघून गेला. पण पुढच्या आठवड्यापासून थोरला संध्याकाळी तासभर पांझरेच्या काठी क्रिकेट खेळायला जाऊ लागला आणि त्याला कुणी हटकलं नाही. वडिलांनी हे कधी तोंडानं कबूल केलं नाही. मेहुण्यापुढे तर नाहीच नाही.

प्रदर्शनात रॉकेट शाळेच्या इमारतीवरून पलीकडे गेलं. परीक्षकांनी धाकट्याला विचारलं, दाब किती? तो म्हणाला, दोन किलो. परीक्षकांना खरं वाटेना. त्यांनी स्वतः गेज पाहिलं, मग गनचा घोडा, मग पितळी व्हॉल्व्ह. तो कशाला, असं एकानं विचारलं. धाकट्यानं पंप मारत मारत काटा अडीचच्या वर नेला आणि पितळी व्हॉल्व्ह फुरफुरत आपला आपण उघडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, रॉकेटला मिळाल्या त्याहून जास्त. नंबर दुसरा आला. पहिला कचरा वेगळा करणाऱ्या डब्याला गेला, आणि तो डबा खरंच चांगला होता.

थोरल्याला दहावीत ८९ टक्के पडले. वडिलांना ९० हवे होते.

तुमच्या घरात मुलं असलं काही करत असतील तर त्यांना थांबवू नका, पण गच्चीवर जाऊन पाइपावरची छापील ओळ एकदा वाचा. त्यावरचा केजीचा आकडा पाण्याचा असतो. पीव्हीसीत हवा भरू देऊ नका, आणि ज्या भांड्यात भरतील त्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह आहे का, हे पंपाला हात लागायच्या आधी विचारा.